नव्या रुग्णालयात नायट्रसची लाईन कशाला?

सांगली-मिरज असो, कऱ्हाड असो की सातारा, नवीन रुग्णालय उभं राहायला लागलं की गॅस पाइपलाइनवाल्याचं कोटेशन येतं. त्यात चार ओळी ठरलेल्या असतात: ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा गॅस, दाबाची हवा आणि व्हॅक्यूम. बजेट ताणलं गेलं की चारांतली एक ओळ कापली जाते, आणि छोट्या रुग्णालयात ती बहुधा हवेची असते. नायट्रसला कुणी हात लावत नाही. ऑपरेशन म्हणजे भूल आणि भूल म्हणजे नायट्रस, हे समीकरण ट्रस्टींच्या, आर्किटेक्टच्या आणि काही सर्जनच्याही डोक्यात पक्कं बसलं आहे. मी याच भागात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझं म्हणणं याच्या उलट आहे. कापायची तर नायट्रसची ओळ कापा, हवेची ठेवा. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतीत तर नायट्रसची मध्यवर्ती लाईन टाकूच नये.

हे आम्ही भूलतज्ज्ञांनी आपसांत ठरवून मोकळं व्हावं इतकं छोटं प्रकरण नाही. भिंतीत गेलेली तांब्याची नळी पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच राहते. साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासून सुरू झालं. मिरजेचं महाविद्यालय १९६२ सालचं आहे, पण तिथेही आणि तालुक्यांच्या रुग्णालयांतही बांधकाम, दुरुस्ती, वाढीव थिएटरं हे चालूच असतं. म्हणून निर्णयाची वेळ हीच आहे. आणि तो समजून घ्यायचा तर श्वासातून भूल कशी जाते हे थोडं सविस्तर सांगावं लागेल.

आज आम्ही रोज वापरतो ती औषधं म्हणजे सेव्होफ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन. बाटलीत ती द्रवरूप असतात; सेव्होफ्लुरेन ५८.५ अंशांना उकळतं, आयसोफ्लुरेन ४८.५ अंशांना. ती रुग्णापर्यंत पोचतात वाफ होऊन, आणि वाफ करण्याचं काम मशीनवर बसवलेला व्हेपोरायझर करतो. सेव्होचा पिवळा, आयसोचा जांभळा. मशीनमधून येणारा गॅस व्हेपोरायझरमध्ये दोन वाटांनी जातो. एक वाट द्रवावरून जाते आणि वाफेने पूर्ण भरून येते, दुसरी कोरडीच पुढे निघते, आणि पुढे दोन्ही पुन्हा मिसळतात. वरची चकती फिरवली की कुठल्या वाटेने किती गॅस जाईल ते बदलतं. वाफ होताना द्रव थंड पडतो आणि वाफ कमी व्हायला लागते, म्हणून आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापमानाप्रमाणे वाकते आणि प्रमाण आपोआप सांभाळते. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. इतकं साधं आणि इतकं भरवशाचं यंत्र वैद्यकात फार थोडं असेल.

या वाफेला वाहून नेणारा गॅस म्हणजे ऑक्सिजन आणि त्याच्या जोडीला आणखी एक गॅस. तो जोडीदार नायट्रस असावा की साधी हवा, एवढाच खरं तर आपला वाद आहे.

वाफ फुफ्फुसात गेली की तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते. मेंदूला किती औषध मिळतंय हे त्या वाफेच्या दाबावर ठरतं, आणि थोड्या वेळाने फुफ्फुसातला दाब आणि मेंदूतला दाब जवळपास सारखे होतात. म्हणून उच्छ्वासाच्या शेवटच्या भागात औषध किती टक्के आहे हे मोजलं की मेंदूत काय चाललंय याचा अंदाज येतो. शिरेतून दिलेल्या औषधाच्या बाबतीत ही सोय नाही. सुरीचा छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत ते प्रमाण म्हणजे मॅक. मध्यमवयीन माणसासाठी सेव्होचा मॅक सुमारे २ टक्के, आयसोचा १.२ टक्के. वय वाढेल तसा तो उतरत जातो.

मेंदूत नेमकं काय होतं, यावर शंभर वर्षं मतं बदलत आली. मेयर यांनी १८९९ मध्ये आणि ओव्हर्टन यांनी १९०१ मध्ये दाखवलं, की औषध तेलात जितकं जास्त विरघळतं तितकी त्याची भूल जोरदार असते. त्यावरून पेशींच्या स्निग्ध आवरणात सगळं घडतं असा समज दीर्घकाळ टिकला. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याला उजेड देणाऱ्या प्रथिनावर प्रयोग केले आणि स्निग्ध पदार्थाशिवायही ही औषधं थेट प्रथिनावर बसतात हे दाखवून दिलं. आता आपल्याला ठाऊक आहे की सेव्हो, आयसो ही औषधं मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या संदेशवाहकाचा परिणाम वाढवतात, पोटॅशियमच्या काही वाटा उघडतात, आणि शरीराची हालचाल थांबते ती मुख्यतः मज्जारज्जूत. नायट्रस यांच्या कुळातला नाही. गाबाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. तो मज्जापेशींवरचे एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवतो. म्हणून तो वेदना चांगली कमी करतो, पण एकट्याने भूल देऊ शकत नाही. त्याचा मॅक सुमारे १०४ टक्के आहे. म्हणजे शंभर टक्के नायट्रस दिला तरी पूर्ण मात्रा होत नाही, आणि शंभर टक्के देणं शक्य नाही, कारण ऑक्सिजन तर द्यावाच लागतो.

महाबळेश्वरला हे आणखी स्पष्ट होतं. तिथली उंची सुमारे १,३५० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. सेव्होच्या व्हेपोरायझरमधून निघणाऱ्या वाफेचा दाब उंचीवरही जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे त्याच आकड्यावर तीच भूल मिळते. नायट्रसचे ६६ टक्के मात्र तिथे समुद्रसपाटीवरच्या ६६ टक्क्यांपेक्षा पंधरा टक्क्यांनी दुबळे पडतात.

मग हा गॅस एवढी वर्षं टिकला कसा? त्याला सबळ कारणं होती, आणि ती नाकारणं बरोबर होणार नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनला मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली, तेव्हापासून पुढे कित्येक दशकं भुलीची वाफ म्हणजे ईथर किंवा क्लोरोफॉर्म. ईथर रक्तात अतोनात विरघळतं, म्हणून रुग्ण झोपायलाही वेळ लावतो आणि उठायलाही. १९५६ पासून हॅलोथेन आलं, ते बरं होतं पण तेही तसं मंदच. नायट्रस रक्तात फार कमी विरघळतो, म्हणून तो झटकन चढतो, झटकन उतरतो आणि जाताना सोबतच्या वाफेलाही लवकर आत नेतो. शिवाय वेदना कमी करतो, महागड्या औषधाची बचत करतो. त्या काळी तो नसता तर काम अवघड झालं असतं. पण सेव्हो रक्तात नायट्रसइतकंच नसलं तरी पुष्कळ कमी विरघळतं. सुरुवात शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉल या औषधाने होते, वेदनेसाठी फेंटानिल आहे, नस बधिर करणारे ब्लॉक आहेत. ज्या उणिवा नायट्रस भरून काढत होता त्या आता उरलेल्या नाहीत.

लाईनबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार गळतीची आहे. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एका खोलीत निळ्या सिलिंडरांची रांग असते, तिला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो. तिथून नळी निघते, मजल्यामजल्याने फिरते, प्रत्येक थिएटरच्या भिंतीत किंवा छतावरच्या पेंडंटला तिची तोंडं निघतात. प्रत्येक जोड, प्रत्येक झडप, प्रत्येक तोंडाचं रबर ही गळतीची जागा, आणि नळीत दाब चोवीस तास असतो, ऑपरेशन असो वा नसो. ऑक्सिजन गळला तर सिलिंडरच्या काट्यावर कळतं, कारण तो आत वायूच असतो आणि संपत जाईल तसा दाब उतरतो. नायट्रस सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रव होऊन राहतो. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा जिथे असेल तिथेच, २० अंशांना सुमारे ७४५ पीएसआय (दाबाचं एकक). म्हणजे तीन चतुर्थांश सिलिंडर हवेत गेला तरी काटा भरलेलाच दाखवतो. त्यातून आपला उन्हाळा. नायट्रस ३६.५ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत, जतला, आटपाडीला पत्र्याच्या मॅनिफोल्ड खोलीत दुपारी काय तापमान असतं ते सांगायला नको. तेव्हा तो काटा वेगळंच काही सांगतो. सिलिंडरमध्ये किती उरलंय हे नेमकं कळण्याचा मार्ग म्हणजे त्याचं वजन करणं, आणि सिलिंडर वजनकाट्यावर चढवणारं रुग्णालय मी पाहिलेलं नाही.

एका रुग्णालयात मी महिन्याला आलेले सिलिंडर आणि भुलीच्या नोंदवहीतला वापर यांचा हिशेब जुळवून पाहिला. तो जवळपाससुद्धा येईना. त्यात कुणाची चोरी नव्हती, निष्काळजीपणाही म्हणता येणार नाही. लाईन जुनी होती, एवढंच. स्कॉटलंडमध्ये एडिनबरो परिसरातल्या सरकारी रुग्णालयांनी असाच हिशेब पद्धतशीर मांडला आणि विकत घेतलेल्या नायट्रसपैकी बहुतांश रुग्णाच्या नाकापर्यंत पोचतच नाही, असं त्यांना आढळलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये एकामागून एक मॅनिफोल्ड बंद होत गेले, आणि ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या भूलतज्ज्ञ संघटनांनी मध्यवर्ती लाईन बंद करण्याची शिफारस केली. श्रीमंत देशांना जे परवडलं नाही ते आपण नव्याने बसवतो आहोत.

गळलेला गॅस जातो कुठे? काही बाहेर, काही थिएटरमध्ये. आपल्याकडच्या छोट्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो खोलीतलीच हवा थंड करून परत देतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. लहान मुलाला मास्कवर भूल देताना कडेने जे निसटतं ते त्याच खोलीत फिरत राहतं. सर्जन आपली केस करून जातात, मीही दुसऱ्या रुग्णालयात जाते. सिस्टर आणि मावशी दिवसभर तिथेच असतात. अमेरिकेत १९७७ मध्येच नायट्रससाठी कामाच्या जागेची मर्यादा दहा लाखांत २५ भाग अशी सुचवली गेली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात असं दिसलं, की गॅस बाहेर ओढून नेण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा अधिक नायट्रसमध्ये काम करणाऱ्या दंतवैद्यांच्या मदतनीस स्त्रियांना गर्भधारणा होण्यास जास्त काळ लागतो. आपल्या ओटीतल्या सिस्टर बहुतेक विशी-तिशीतल्या. त्या कुठली हवा घेतात हे आपण कधी मोजलंय?

रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट महाराष्ट्राला विशेष लागू आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. नायट्रस बी-१२ या जीवनसत्त्वातल्या कोबाल्टवर रासायनिक परिणाम करून ते निकामी करतो. शरीरात साठा भरपूर असेल तर काही दिवसांत सगळं पूर्ववत होतं. साठा मुळातच आटलेला असेल तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते: हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, आणि तेही ऑपरेशननंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. आपल्याकडची माळकरी घरं, दुधाचा घोटही डेअरीला घालणारी शेतकरी कुटुंबं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारी माणसं ही सगळी याच गटात येतात. ऑपरेशनआधी आम्ही हिमोग्लोबिन बघतो, साखर बघतो, बी-१२ बघत नाही. जतचा शेतकरी मिरजेत ऑपरेशन करून गावी गेला आणि महिन्याभराने पाय बधिर झाले म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे गेला, तर त्या बधिरपणाचा संबंध भुलीशी लावणार कोण?

इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की सर्वसाधारण रुग्णासाठी नायट्रस धोकादायक विष नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनिग्मा-२ या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांमध्येही त्याने मृत्यू किंवा हृदयाचे गंभीर त्रास वाढलेले दिसले नाहीत. आजवर ज्यांना नायट्रसची भूल मिळाली त्यांनी घाबरून जाण्याचं काही कारण नाही. माझा विरोध लाईनला आहे. बाळंतपणाच्या कळांसाठी, भाजलेल्या रुग्णाच्या ड्रेसिंगसाठी, दातांच्या कामासाठी, सुईला भिणाऱ्या लहानग्यासाठी मशीनला लावलेला एक छोटा सिलिंडर पुरतो. काम झालं की झडप बंद करायची.

हवामानाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण आपल्या भागात त्याला लगेच उत्तर मिळतं: ‘मॅडम, उसाला आम्ही जेवढा युरिया घालतो त्यातून किती नायट्रस जातो ते बघा आधी.’ हे खरं आहे. जगातल्या मानवनिर्मित नायट्रसचा सगळ्यात मोठा वाटा शेतीतल्या नत्राचाच आहे, आणि कृष्णाकाठ त्याला अपवाद नाही. पण शेतकऱ्याला युरियातून ऊस मिळतो. मॅनिफोल्डमधून गळणाऱ्या गॅसमधून कुणालाच काही मिळत नाही. एक किलो नायट्रस शंभर वर्षांच्या हिशेबाने २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, वातावरणात शंभराहून अधिक वर्षं टिकतो आणि वर ओझोनचा थरही खातो. मिनिटाला दोन लिटर नायट्रस तासभर चालवला तर साधारण ६० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान होतं. त्याच तासात काटकसरीने वापरलेल्या सेव्होचं दोन किलोच्या आसपास. डेसफ्लुरेन नावाचं आणखी एक औषध याहून कितीतरी वाईट आहे. स्कॉटलंडने ते २०२३ मध्ये थांबवलं, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून अत्यावश्यक असल्याशिवाय त्याला बंदी घातली. आपल्याकडे महागाईमुळेच ते फारसं रुजलं नाही.

काटकसर हा शब्द मी वापरला तो पैशाच्याही अर्थाने. श्वासातून आत गेलेल्या सेव्होपैकी शरीर पाचेक टक्केच बदलतं, बाकीचं तसंच बाहेर येतं. आपल्या मशीनमधलं वर्तुळाकार सर्किट तेच परत वापरायला देतं, सोडा लाइमचा डबा फक्त कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. पण मिनिटाला सहा लिटर ताजा गॅस सोडला तर हे परत आलेलं औषध सरळ बाहेर फेकलं जातं. दोन टक्के सेव्हो सहा लिटरवर चालवलं तर तासाला साधारण ३६ मिली द्रव लागतो, एका लिटरवर ६ मिली. चकती थोडी वर ठेवावी लागते हे धरलं तरी २५० मिलीची जी बाटली सात तासांत संपते ती पाचपट टिकते. मात्र एवढ्या कमी प्रवाहावर जोडीला नायट्रस असेल तर भीती असते. रुग्ण ऑक्सिजन सतत घेत राहतो, नायट्रस मात्र सुरुवातीनंतर फारसा घेत नाही, त्यामुळे सर्किटमध्ये नायट्रस साचतो आणि ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं. म्हणून नायट्रस वापरणारा भूलतज्ज्ञ सुरक्षिततेसाठी प्रवाह वाढवतो आणि महागडं औषध छतावर जातं. नायट्रस औषधाची बचत करतो असं जे सांगतात, त्यांनी हाही खर्च धरावा.

हवेच्या लाईनला दोन खऱ्या अडचणी आहेत. कॉम्प्रेसरला वीज आणि देखभाल लागते, आणि पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे हवेतला ओलावा काढणारा ड्रायर नसेल तर नळीतून पाणी येतं. पण कोविडनंतर कित्येक सरकारी रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट बसले आहेत, म्हणजे कॉम्प्रेसर सांभाळणारा माणूस लागणारच आहे. नायट्रस टाळायचा आणि हवाही नसली की आम्हाला शंभर टक्के ऑक्सिजनवर भूल द्यावी लागते, त्याने फुफ्फुसाचे बारीक कप्पे मिटतात, आणि घशाच्या-श्वासनलिकेच्या ऑपरेशनात कॉटरीची (रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाची) ठिणगी पडली तर आग भडकते. त्या पैशातून दुसरी वस्तू घ्यायची ती गॅस मॉनिटर. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि सेव्होचं प्रमाण तो दर श्वासाला दाखवतो. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर सगळ्यात आधी तोच सांगतो. नायट्रसच्या लाईनचा खर्च वाचवून जर प्रत्येक थिएटरला हा मॉनिटर मिळणार असेल तर त्यात विचार करण्यासारखं काय आहे? आणि एक भीती कायमची मिटेल: देशात नळ्यांची अदलाबदल होऊन रुग्णाला ऑक्सिजनऐवजी नायट्रस गेल्याचे आणि माणसं दगावल्याचे प्रसंग घडलेले आहेत. जी लाईन नाही तिची अदलाबदल होत नाही.

त्यामुळे मागणी अगदी नेमकी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सार्वजनिक पैशातून होणाऱ्या नवीन थिएटरांच्या निविदेतून नायट्रसची लाईन वगळावी, हवा आणि गॅस मॉनिटर सक्तीचे करावेत. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात, कऱ्हाडला, साताऱ्यात भूलशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून कमी प्रवाहाची सवय लावावी. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून कर्नाटकातल्या अथणी-विजापूरपर्यंतची माणसं इथे ऑपरेशनला येतात. इथे जी पद्धत पडते ती दोन राज्यांच्या गावोगावच्या नर्सिंग होमपर्यंत जाते.

ज्या इमारतींत लाईन आधीच आहे त्यांनी घाईने झडप फिरवू नये. आधी महिनाभर सिलिंडरांचं वजन आणि नोंदवहीतला वापर समोरासमोर मांडावा. मशीनच्या मागच्या खाचेत छोटा नायट्रस सिलिंडर बसतो का, त्याची झडप नीट चालते का ते तपासावं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला तारीख लेखी कळवावी. मग मॅनिफोल्ड बंद करावा, भिंतीतली तोंडं झाकून त्यावर पट्टी लावावी, आणि सिलिंडर पुरवठादाराला परत करावेत, म्हणजे भाडंही थांबेल. रिकाम्या झालेल्या खोलीत हवेचा कॉम्प्रेसर बसू शकतो, फक्त त्याची हवा ओढणारी नळी जनरेटरच्या धुरापासून लांब, वरच्या बाजूने न्यावी लागते. सांगलीत नदीच्या बाजूला ज्यांची रुग्णालयं आहेत आणि ज्यांनी २०१९ चा पूर पाहिला आहे, त्यांनी मात्र कॉम्प्रेसर तळमजल्यावर ठेवूच नये.